शेवटच्या चार सेकंदांचा हिशोब: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या रूल्स कमिटीला खुलं पत्र

प्रति,
एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था) फुटबॉल रूल्स कमिटीचे सगळे मेंबर, कॉन्फरन्सचे (म्हणजे कॉलेजांच्या लीगचे) कमिशनर आणि हेड कोच मंडळी

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला इंग्रजीत एक मेल मी आधीच केलीय, पण ती पंधरा-वीस ओळींची, ऑफिसात लिहितो तशी, आणि त्यात मनातलं निम्मंसुद्धा आलं नाही. म्हणून हे पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर. दुसरं कारण असं की दरवर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडची पोरं बॅगा घेऊन इथे शिकायला येतात, महिन्याभरात कोणीतरी त्यांना शनिवारी स्टेडियमवर घेऊन जातं, त्या हजारो लोकांच्या आवाजात ती पार हरवून जातात (मी पण तसाच गेलो होतो), आणि मग एखाद्या शनिवारी त्यांच्या डोळ्यांसमोर शेवटच्या सेकंदाला चुकीचा निर्णय होतो आणि ती फोन करून मला विचारतात, दादा, चूक झाली असं हेच लोक लिहून देतायत ना, मग रिझल्ट तसाच कसा? याचं उत्तर माझ्याकडे नाहीये. ते तुम्ही द्यायचंय.

मी सांगलीहून आलो तो थेट मिझुरीतल्या कोलंबियाला, एमएस करायला. आमच्या लॅबमध्ये एक टेक्निशियन होते, रिटायरमेंटला आलेले, एकदम शांत माणूस, कधी आवाज चढलेला ऐकला नाही. पण कोलोराडोचं नाव निघालं की चेहरा बदलायचा. मी एकदा सहज विचारलं की एवढं काय झालंय, तर त्यांनी हातातली पिपेट खाली ठेवली आणि पाच बोटं माझ्यासमोर धरली. बोलले काहीच नाहीत. मग लंचला कँटीनच्या टेबलावर मिठाची डबी, मिरपुडीची डबी, केचपच्या पुड्या असं सगळं मांडून एकेक डाऊन मला दाखवला, आणि तेव्हा त्या मॅचला चौदा वर्षं होऊन गेलेली होती.

६ ऑक्टोबर १९९०, कोलंबियाचं फरो फील्ड. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की ओव्हरला जसे सहा बॉल तसे इथे चार डाऊन, चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे किंवा गोललाइन ओलांडायची (म्हणजे टचडाऊन), नाही जमलं तर बॉल समोरच्यांचा. मिझुरी ३१-२७ ने पुढे, मॅचचं शेवटचं अर्धं मिनिट, आणि कोलोराडो गोललाइनपासून ३ यार्डांवर. पहिल्या डाऊनला त्यांच्या चार्ल्स जॉन्सनने घड्याळ थांबवायला बॉल जमिनीवर आपटला, याला स्पाइक म्हणतात आणि यात एक डाऊन खर्च होतो. दुसऱ्याला एरिक बिएनिमी घुसला, अडवला, कोलोराडोने टाइमआउट घेतला. आणि त्या टाइमआउटमध्ये साइडलाइनवरच्या डाऊन मार्करवरचा आकडा कोणी फिरवलाच नाही, तो २ वरच राहिला. तिसऱ्याला परत बिएनिमी, परत अडवला. चौथ्याला, दोन सेकंद राहिलेले असताना, जॉन्सनने पुन्हा स्पाइक केला कारण मार्कर बघून त्यांना वाटलं हा तिसरा आहे आणि अजून एक शिल्लक आहे. इथे बॉल मिझुरीला मिळायला हवा होता, मॅच तिथेच संपत होती. पण कोणीच काही बोललं नाही, सात अधिकारी मैदानावर, वर प्रेस बॉक्स भरलेला, स्टँडमधले लोक बोटं दाखवून ओरडतायत, आणि पाचव्यांदा स्नॅप झाला, म्हणजे बॉल खेळात आला, जॉन्सन स्वतः घुसला, टचडाऊन दिला. कोलोराडो ३३, मिझुरी ३१.

मग काय झालं? त्या वेळच्या बिग एट कॉन्फरन्सने अधिकाऱ्यांना निलंबित केलं आणि सांगितलं की मॅच संपल्यावर हे दुरुस्त करता येत नाही. बास. कोलोराडो त्या वर्षी एपी पोलमध्ये, म्हणजे पत्रकारांच्या मतांवरच्या क्रमवारीत, देशात पहिली आली. जॉर्जिया टेक त्या सीझनला एकही मॅच हरली नव्हती, तिला कोचेसच्या पोलवर समाधान मानावं लागलं. म्हणजे एका न फिरवलेल्या आकड्याने फक्त मिझुरीचं नुकसान केलं असं नाही, हजार किलोमीटर लांब अटलांटातल्या पोरांच्या ताटातलंही काढून घेतलं.

आता माझ्या घरचं सांगतो. मुलगा इथल्या हायस्कूलच्या टीममध्ये आहे आणि शुक्रवारी रात्री घरच्या मैदानावर मॅच असली की आम्ही काही पालक चेन क्रूचं काम करतो, नारिंगी जॅकेट घालून साइडलाइनवर उभं राहायचं, दोघांनी दहा यार्डांची साखळी धरायची आणि एकाने डाऊनचा बॉक्स. बॉक्स माझ्याकडे असतो. एक लांब दांडा आणि वर १ ते ४ चे फिरणारे आकडे. गेल्या सीझनला दुसऱ्या डाऊननंतर टाइमआउट झाला, पाणी घेऊन पोरं आली, बँड सुरू झाला, मी मुलाकडे बघत राहिलो आणि टाइमआउट संपला तरी माझ्या बॉक्सवर २ तसाच. हेड लाइन्समन तिथून पाच पावलांवर. त्याने माझ्या आकड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. या लोकांच्या मनगटाला एक रबरबँड असतो, त्याचा फास ते डाऊनप्रमाणे एकेका बोटावर सरकवत जातात, पहिल्या डाऊनला पहिलं बोट, दुसऱ्याला दुसरं. त्याचा फास तिसऱ्या बोटावर होता. तो जवळ आला आणि हळू आवाजात एवढंच म्हणाला, थ्री. मी आकडा फिरवला. स्टँडमध्ये कोणाला कळलंही नाही, पण माझे हात पुढच्या दोन प्लेपर्यंत थरथरत होते, कारण त्या एका क्षणात मला १९९० ची ती सगळी मॅच समजली. टाइमआउट, गोंधळ, एक न फिरवलेला आकडा. माणूस चुकतो हो, मी पण चुकलो, त्याबद्दल माझं काही म्हणणंच नाहीये. माझं म्हणणं आहे की माझी चूक पकडायला पाच पावलांवर एक रबरबँड होता, आणि कोट्यवधी डॉलर्सच्या तुमच्या खेळात शेवटच्या प्लेला तो रबरबँड कुठे असतो?

तुम्ही म्हणाल १९९० ला रिप्ले नव्हता. बरोबर. मग २०१६ घ्या.

१० सप्टेंबर २०१६, स्टिलवॉटर, ओक्लाहोमा स्टेट विरुद्ध सेंट्रल मिशिगन. ओक्लाहोमा स्टेट २७-२४ ने पुढे, ४ सेकंद बाकी, चौथा डाऊन. त्यांच्या मेसन रुडॉल्फने वेळ संपावी म्हणून बॉल लांब मोकळ्या जागेत फेकून दिला, घड्याळ शून्यावर आलं. जवळ पास पकडणारा कोणी रिसीव्हर नव्हता म्हणून अधिकाऱ्यांनी इंटेन्शनल ग्राउंडिंगचा फाउल दिला, तोही बरोबर. आणि मग सेंट्रल मिशिगनला वेळ संपल्यानंतरची एक जादा प्ले दिली. इथे चूक झाली. तुमच्याच नियमपुस्तकात लिहिलंय की ज्या फाउलच्या शिक्षेत डाऊन जातो त्या फाउलसाठी वेळ वाढवायची नाही, मॅच संपली. त्या जादा प्लेला कूपर रशने उंच पास टाकला, जेसी क्रोलने गोललाइनच्या अलीकडे पकडला आणि पडता पडता कोरी विलिसकडे दिला, विलिस पळत गेला, टचडाऊन, ३०-२७. सेंट्रल मिशिगनच्या पोरांनी ती प्ले जबरदस्त केली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण ती प्ले व्हायलाच नको होती.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू का, थोड्याच वेळात रेफरीने स्वतः मान्य केलं की नियम लावण्यात चूक झाली. म्हणजे पोरं अजून लॉकर रूममध्ये आहेत, काही जण रडतायत, आणि मैदान चालवणाऱ्या माणसालाच माहीत आहे की हा रिझल्ट नियमाप्रमाणे नाही. नंतर अधिकाऱ्यांच्या क्रूला दोन मॅच निलंबित केलं, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने रिप्लेच्या लोकांनाही निलंबित केलं कारण त्यांना खेळ थांबवून हे सांगता आलं असतं आणि त्यांनी सांगितलं नाही. हे तुम्हीच म्हणताय. मग ज्याची चूक त्याला शिक्षा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला काय? कागदावर आजही तो पराभवच आहे.

आणि दुरुस्त करता येत नाही हे मला पटत नाही, कारण याच खेळात ते केलेलं आहे आणि तेही १९४० साली. १६ नोव्हेंबरला डार्टमथच्या मैदानावर कॉर्नेल ७-३ ने जिंकलं, शेवटच्या सेकंदांत टचडाऊन, सलग १८ मॅच न हरलेली टीम. नंतर फिल्म बघितली तर तो टचडाऊन पाचव्या डाऊनवर. रेफरी रेड फ्रिसेल यांनी चूक कबूल केली, आणि कॉर्नेलने डार्टमथला तार केली की आम्ही हा विजय सोडतोय. डार्टमथने तो घेतला. आज रेकॉर्डमध्ये तो सामना डार्टमथ ३, कॉर्नेल ० असा आहे. ना रिप्ले, ना कमांड सेंटर, फिल्मचं एक रीळ आणि एक तार. आमच्या त्या टेक्निशियन काकांना ही गोष्ट तोंडपाठ होती, आणि मॅककार्टनींबद्दल, म्हणजे कोलोराडोच्या कोचबद्दल, त्यांचा सगळा राग याच एका गोष्टीवरून होता, कारण मॅककार्टनी स्वतः मिझुरीकडून खेळलेले. खूप वर्षांनी त्यांनी पश्चात्ताप बोलून दाखवला, ते मला बरं वाटलं, पण ही जबाबदारी एखाद्या कोचच्या मनाच्या मोठेपणावर सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॉर्नेलसारखं वागणारे थोडे असतात. म्हणून नियम लागतो.

माझी मागणी साधी आहे. घड्याळ शून्यावर आलं आणि शेवटच्या प्लेने रिझल्ट बदलला, की रेफरीने मॅच संपल्याचं जाहीर करण्याआधी कॉन्फरन्सच्या केंद्रात बसलेल्या नियम जाणणाऱ्या एका माणसाने तीन गोष्टी तपासून हो म्हणायचं: डाऊनची मोजणी बरोबर आहे का, घड्याळ बरोबर आहे का, जादा प्ले दिली असेल तर ती नियमात बसते का. दोन मिनिटांचं काम आहे. एवढं करूनही नियम चुकीचा लावला गेलाच तर कॉन्फरन्सला ४८ तासांत रिझल्ट दुरुस्त करायचा अधिकार असावा, फक्त नियम चुकीचा लावल्याच्या केसमध्ये. पास इंटरफिअरन्स (पास पकडणाऱ्याला अडवणं) होता की नव्हता, पाय रेषेच्या आत होता की बाहेर, हे डोळ्यांचे निर्णय त्यात आणायचेच नाहीत, नाहीतर दर सोमवारी भांडणं होतील हे मलाही कळतं.

आणि हे प्रामाणिकपणे सांगतो की माझ्या या नियमात ड्यूकची केस बसत नाही. ३१ ऑक्टोबर २०१५ ला मायामीने ड्यूकविरुद्ध शेवटच्या किकवर बॉल आठ वेळा एकमेकांकडे फेकून टचडाऊन काढला, ३०-२७. एका खेळाडूचा गुडघा बॉल सोडण्याआधीच जमिनीला लागला होता, म्हणजे प्ले तिथेच संपायला हवी होती. रिप्ले सुमारे नऊ मिनिटं बघितला आणि तरी टचडाऊन दिला. दुसऱ्या दिवशी एसीसी कॉन्फरन्सने एक सोडून अनेक चुका मान्य केल्या, क्रू दोन मॅच निलंबित, रिझल्ट तोच. हा डोळ्यांचा निर्णय आहे, त्यामुळे मी म्हणतोय त्या ४८ तासांतही तो बदलला नसता, आणि ते मला टोचतं. पण सगळं एकदम मागत बसलो तर काहीच मिळणार नाही, म्हणून जे शंभर टक्के पुस्तकात लिहिलेलं आहे तेवढं तरी आधी नीट करा.

जादा वेळ जाईल, प्रेक्षक कंटाळतील, हे कारण देऊ नका. २००९ च्या बिग ट्वेल्व्ह फायनलला नेब्रास्काचे लोक मैदानात धावत आले होते, घड्याळ शून्यावर होतं, आणि तुम्ही सगळ्यांना थांबवून रिप्ले बघून एक सेकंद परत लावलात, टेक्ससने ४६ यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून किक) मारला आणि १३-१२ ने जिंकले. नेब्रास्कावाल्यांना आजही राग आहे, पण तो निर्णय बरोबर होता, बॉल बाहेर पडला तेव्हा घड्याळात सेकंद होता. म्हणजे एका सेकंदासाठी थांबायची तयारी तुमच्याकडे आहेच.

आपल्याकडचं उदाहरण देतो. २८ मार्च २०१९, आयपीएल, बंगळुरूला शेवटच्या बॉलवर ७ हव्या होत्या, मलिंगाने बॉल टाकला, मुंबई ६ रन्सनी जिंकली, आणि मोठ्या स्क्रीनवर दिसलं की पाय रेषेच्या पुढे होता, नो बॉल होता. मी मुंबईचा कट्टर फॅन, तरी त्या रात्री जिंकल्याचा आनंद झाला नाही, खरंच सांगतो. पण पुढच्या सीझनला फ्रंट फूटचा नो बॉल बघायचं काम टीव्ही अंपायरकडे गेलं. मैदानावरच्या माणसाला एकाच वेळी पाय, बॅट, पॅड सगळं बघणं अवघड आहे हे मान्य केलं आणि भार कमी केला. तुमचे अधिकारी तर पूर्णवेळ नोकरीलासुद्धा नाहीत, आठवडाभर आपापले कामधंदे करून शनिवारी लाखभर लोकांसमोर उभे राहतात. त्यांना मदत द्या. २००६ ला ओरेगॉन-ओक्लाहोमा मॅचमध्ये ऑनसाइड किकचा (बॉल परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेल्या छोट्या किकचा) निर्णय चुकला, ओरेगॉन ३४-३३ ने जिंकलं, आणि रिप्ले बूथमधल्या माणसाला घरी फोन करून जीवे मारायच्या धमक्या आल्या. धमक्या देणाऱ्यांबद्दल मला घृणा आहे. पण त्या माणसाला एकट्याला तिथे बसवून तुम्ही पण त्याला उघड्यावर टाकलंत.

आता हेड कोच मंडळींनो, तुमच्याकडे येतो, कारण शेवटच्या मिनिटाचं सगळं पाप रेफरीच्या माथी मारून चालणार नाही.

७ ऑक्टोबर २०२३, मायामी २०-१७ ने पुढे, समोर जॉर्जिया टेक, त्यांच्याकडे एकही टाइमआउट नाही, घड्याळात अर्धं मिनिट. प्ले क्लॉक ४० सेकंदांचं असतं, म्हणजे पुढची प्ले सुरू करायला तेवढा वेळ घेता येतो. क्वार्टरबॅकने स्नॅप घेऊन एकदा गुडघा टेकला असता की मॅच संपली, त्याला दुसरं काही करावं लागत नाही, सगळी टीम हसत हात मिळवायला जाते. १९७८ ला प्रोफेशनल लीगमध्ये जायंट्सनी ईगल्सविरुद्ध जिंकलेली मॅच शेवटच्या क्षणी बॉल हातात देताना घालवली तेव्हापासून लहान पोरांनाही हे शिकवतात, माझ्या मुलाच्या टीमला तर पहिल्या आठवड्यात शिकवलं. मारिओ क्रिस्टोबाल यांनी रनिंग प्ले दिली. डॉन चेनीच्या हातातून बॉल सुटला, जॉर्जिया टेकने चार प्लेमध्ये ७४ यार्ड काढले, शेवटचा ४४ यार्डांचा टचडाऊन पास, घड्याळात १ सेकंद. २३-२०. आणि याच कोचने २०१८ ला ओरेगॉनमध्ये असताना स्टॅनफर्डविरुद्ध ३१-२८ ने पुढे असताना शेवटच्या मिनिटात बॉल पळवायला दिला होता, सी. जे. वर्डेलच्या हातून फम्बल, स्टॅनफर्डने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये ३८-३१. माणूस एकदा चुकतो, समजू शकतो. दुसऱ्यांदा तीच चूक झाली तर त्याच्या शेजारी कानात सांगणारा कोणी का नव्हता हा प्रश्न येतोच.

मॅचनंतर क्रिस्टोबाल यांनी गुडघा टेकायला हवा होता असं मान्य केलं. चांगली गोष्ट. पण तुम्ही तो व्हिडिओ बघा, कॅमेरा कोणावर जातो. मैदानावर बसलेल्या पोरावर. ज्याने बॉल न्यायला सांगितलं म्हणून नेला. वर्डेलचंही तेच. ही विशीच्या आसपासची मुलं आहेत, माझ्या मुलापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. २०२१ पर्यंत तर त्यांना स्वतःच्या नावावर दोन पैसे कमवायचीही परवानगी नव्हती, आणि तुम्हाला वर्षाला कितीतरी मिलियन मिळतात. एवढ्या स्टाफमध्ये एक माणूस असा ठेवा ज्याचं काम फक्त घड्याळ, टाइमआउट आणि गणित बघायचं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्याने गुडघा म्हटलं की गुडघा, हेड कोचने वाद घालायचा नाही. बऱ्याच ठिकाणी अशी माणसं आहेत हे माहीत आहे. त्यांचं ऐकतात का, हे तुम्ही स्वतःला विचारा.

कमिटीला शेवटचं. नियम बदलायला वर्षं लागतात असं मला सांगू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओरेगॉनने ओहायो स्टेटविरुद्ध शेवटच्या दहा सेकंदांत अकराऐवजी बारा खेळाडू उभे केले, शिक्षा ५ यार्डांची पण घड्याळातले चार सेकंद गेले, ३२-३१ ने जिंकले, आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही सीझन चालू असताना फतवा काढलात की समोरच्या टीमला घड्याळ परत लावून घेता येईल. नियमातली फट वापरली गेली की काही दिवसांत बुजवता. मग पाचवा डाऊन आणि बेकायदा जादा प्ले या फटी इतकी वर्षं उघड्या कशा?

सीझन संपल्यावर तुमची बैठक होईल त्यात हा एक मुद्दा अजेंड्यावर घ्या आणि घेतला की नाही तेवढं जाहीर करा. ओक्लाहोमा स्टेटच्या त्या मॅचला निदान रेकॉर्डमध्ये एक ओळीची टीप तरी लावा, की ही शेवटची प्ले नियमाबाहेर दिली गेली होती. १९९० च्या मॅचलाही. माझ्या मुलाच्या शाळेची शुक्रवारी पुन्हा घरची मॅच आहे, बॉक्स माझ्याकडेच आहे, आणि या वेळी मी स्वतःच्या बोटाला एक रबरबँड लावून उभा राहणार आहे.

आपला,
चेन क्रूवरचा एक पालक आणि मिझुरीचा जुना विद्यार्थी